मागच्या दाराची कळशी

आमच्या घरात तीन हंडे होते, दोन कळश्या, एक माठ आणि तेलाचा एक पत्र्याचा डबा. तिसऱ्या हंड्याला कडेने चीर होती, म्हणून तो चिरेच्या खालपर्यंतच भरायचा. हे मी आठवून लिहीत नाही, माझ्याकडे लिहिलेलं आहे. सातवीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी घरातल्या वस्तू, शेजारच्या शेळ्यांची नावं, बाजारातून आणायचं सामान असं काहीबाही टिपून ठेवत असे. पुढे याच सवयीवर मी डहाणूत एका वसतिगृहाचं कोठीघर सांभाळलं, संसारही सांभाळला. माझ्या याद्यांचं लोक कौतुक करतात. त्या वहीत मात्र एक यादी अशी आहे की जी मी पाड्याबाहेर आजवर कुणाला दाखवलेली नाही.

आमचा पाडा उधव्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. बावीस घरं, कुडाच्या भिंती, वर कौलं, प्रत्येक घराला पुढे ओटा आणि मागे एक बुटकं दार. पाड्याचं नाव इथे लिहीत नाही. ते एकदा कागदावर चढलं तेवढं पुरे झालं. पावसाळ्यात आमच्याकडे इतकं पाणी की चूल पेटायची नाही. होळी झाली की खालचा ओहोळ आटायचा, आणि बायका त्याच्या पात्रात कमरेइतका खड्डा खणायच्या. त्याला आम्ही डवरा म्हणतो. डवऱ्यात पाणी झिरपायचं, ते नारळाच्या करवंटीने उपसून हंड्यात ओतायचं. चार भाकरी भाजून होतील एवढ्या वेळात एक हंडा. घराला दिवसाचे तीन, आणि त्यासाठी पाळी. करवंटी दगडाला घासायचा तो खर्र खर्र आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाड्यात वर ऐकू यायचा. माझ्या लहानपणाला काही संगीत असेल तर ते एवढंच.

उन्हाळ्यात काय शिजवायचं हे पाणी ठरवायचं. डाळीला पाणी लागतं, म्हणून डाळ नाही. नागलीची भाकर आणि तव्यावर भाजलेली सुकट, वर मीठमिरची. भात केलाच तर तांदूळ धुतलेलं पाणी कोंबड्यांना, आणि पेज माणसांना. भांडी राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसायची. माझा बापूस अच्छाडला हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासायला होता. आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा तेव्हा त्याच्या हाताची बोटं पाण्याने सुरकुतलेली असायची, आणि आम्ही ती नवल म्हणून बघायचो. ओट्यावर बसून तो सांगायचा, “तिकडं ट्रक धुतात नळीनं. एका ट्रकाचे टायर धुतात ना, त्यात आपला सगळा पाडा न्हाईल.” आयस म्हणायची, “मग पुढच्या वेळेला टायर घेऊन या. चाटू आम्ही.”

आयसचं पोट दुखायचं. धाकट्या भावाच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येत असे. नर्सबाईंनी सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही. डोंगराच्या पाड्यावर बाईला असं सांगणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं होतं. म्हणून पाणी मी भरत होते. तीन हंडे, तीन फेऱ्या, शाळेच्या आधी आणि नंतर. गावातली शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला रानशेतच्या बाजूच्या निवासी शाळेत जायचं, तिथे जागा मिळेल असं गुरुजींनी सांगितलं होतं. पण मी गेले तर घरी पाणी कोण भरणार? यावर आमच्या घरात भांडण झालं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बापूस एवढंच म्हणाला, “नळ येतोय ना पाड्यात. नळ आला तर जा.”

नळ खरंच येत होता. त्या हिवाळ्यात पाड्याच्या वरच्या अंगाला लोखंडी चौकट उभी राहिली, तिच्यावर टाकी बसली, टाकीला शिडी. खाली सिमेंटचा ओटा आणि त्यावर तीन पितळी नळ. खाली नदीजवळ विहीर होणार, तिथून पाइपाने पाणी चढणार, असं सांगत होते. मी रोज शाळेतून येताना ते तीन नळ बघून येत असे. एकदा मधला फिरवूनही पाहिला. आतून नुसता ऊन लोखंडाचा वास आला.

आता एक चालरीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या पाड्यात घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं. पण उन्हाळ्यात कुणाच्या माठात किती असेल त्याचा नेम नसायचा. पाहुणा पुढच्या ओट्यावर टेकला की शेजारीण तिच्या घरातली कळशी उचलून मागच्या दाराशी ठेवून जायची. हाक मारायची नाही, थांबायचं नाही. घरवाली ती आत घेऊन पाहुण्याला तांब्या भरून द्यायची, जणू आपल्याच माठातला. संध्याकाळी रिकामी कळशी शेजारणीच्या मागच्या दाराशी उपडी ठेवायची. त्याबद्दल कुणी बोलत नसे. कुणी कुणाला किती कळश्या दिल्या हे मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले घास मोजणं. घराची अब्रू पाहुण्यासमोर राखायची, आणि ती पाण्याने राखायची, एवढंच आम्हाला कळत होतं.

मे महिन्यात ठेकेदाराचा मुकादम आला. मगनभाई म्हणायचे त्याला. सीमेपलीकडचा, गोड बोलणारा, बायकांना बेन म्हणणारा. पाड्याचे कारभारी लाहनूबाबा, त्यांच्या ओट्यावर सगळे जमले. मगनभाईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “बाबा, सोमवारे साहेब तपासणीला येणार. टाकीत पाणी दिसायला पाहिजे.”

लाहनूबाबा म्हणाले, “पण विहीर कुठं झाली? मोटर कुठं हाय?”

“ते सगळं पाठून येणार. पण साहेबने नळ फिरवला आणि पाणी नाय आला, तर तो लिहेल काम अधूरा. मग काय? सामान परत. टाकी पण परत. पछी तुम्ही बसा डवऱ्यात.” मग तो बायकांकडे वळला. “बेन, जास्ती नाय. दीड फूट पाणी टाकीत दिसला तरी बस.”

मग लाहनूबाबा हळूच म्हणाले, “एवढ्या लांबून माणूस येणार आणि आपला नळ कोरडा? बरं दिसत नाय ते.”

झालं. या एका वाक्याने ठरलं. आमच्या लोकांनी टाकीकडे पाहिलं ते घरासारखं. पाहुणा पुढच्या दाराने येतोय, माठ रिकामा आहे, मग मागच्या दाराने कळशी न्यायची. यात कुणाला फसवतोय असं एकाही बाईच्या मनात आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. फसवणूक काय ते मगनभाईला माहीत होतं. आम्ही अब्रू राखत होतो.

आणि मी वही काढली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तेरा वर्षांची होते, मला रानशेतला जायचं होतं, आणि त्या ओट्यावरचा गलका मला सहन होईना. शनिवार-रविवार दोन दिवस. घराला रोजचे तीन हंडे, त्यातले दोन टाकीला, एक घरात. म्हणजे दोन दिवसांत घरटी चार. डवऱ्यावर पाळी कशी लागेल, शिडीवर कोण उभं राहील, हंडा हातोहात वर कसा जाईल, सगळं मी एका पानावर मांडलं आणि वाचून दाखवलं. मगनभाई म्हणाला, “वाह बेन! तू तर मोठी साहेब होणार.” आयस कोपऱ्यात बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू मला अजून दिसतं, आणि दिसू नये असं वाटतं.

जानीकाकी आमची शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, सहा शेळ्या आणि जिभेला धार. ती ओट्यावर आलीच नव्हती. मी वही घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा ती शेळीच्या पायातला काटा काढत होती.

“काकी, तुझे चार हंडे.”

“कशाला?”

मी सांगितलं. तिने काटा काढून फेकला. “टाकीच्या पाइपाला शेपूट नाय, माहीत हाय का तुला? मी शेळ्या घेऊन जाते तिकडं. वरून टेंभुर्णीच्या झाडापर्यंत पाइप हाय. पुढं नाय. तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलाय आणि वर माती लोटलीय.”

“राहिलेला पावसानंतर घालणार आहेत. मगनभाई म्हणाले.”

“मगनभाई तुझा मामा का?”

“काकी, साहेब पाहुणा आहे. पाहुण्याला पाणी नको द्यायला?”

तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “पाहुण्याला पाणी देतात तो तहानेला असतो म्हणून. हा बघायला येतोय, आपण तहानेले हाव का नाय ते. त्याला कोरडा नळ दाखव. फिरवू दे त्याला, नुसती हवा येऊ दे. लाज त्याला वाटेल, तुला कशाला?” आणि मग वहीकडे बोट करून, “आणि मागच्या दाराच्या कळशीची यादी करतात का गं पोरी? कुणी शिकवलं तुला हे?”

मला राग आला. ही म्हातारी एकटी आहे, हिला एक हंडा पुरतो, हिला कुठे शाळेत जायचंय. मी तिच्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली. साधी नाही, पट्टी लावून. ती हसली. “चांगली सरळ आलीय गं,” म्हणाली आणि दुसऱ्या शेळीचा पाय धरला.

शनिवार उजाडला. माझी यादी इतकी नीट चालली की आजही, कामाची माणूस म्हणून, मला तिचा अभिमान वाटतो आणि मग त्या अभिमानाची किळस येते. डवऱ्यातून टाकीपर्यंत बायकांची माळ लागली. चढाची वाट, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, खाली तापलेले दगड. शिडीवर चौघी. थट्टा चालू होती. कुणी म्हणे, “टाकीचं बाळंतपण हाय, ऊन पाणी लागंल का गं?” कुणी म्हणे, “आधी पाणी वर न्या, मग खाली आणा. देवानं डोकं दिलंय ते हंड्यासाठीच.” शिडीवरची एक ओरडली, “ए यादीवाली, सांडलेला धरतेस का नाय?” मी म्हटलं, नाही धरत, भरलेलाच धरणार. सगळ्या हसल्या. मी टाकीखाली दगडावर बसून नावापुढे उभ्या रेघा मारत होते, आणि माझी पाळी आली की उठून माझा हंडा आणत होते.

रविवारी दुपारी, आमचे चारही पूर्ण झाल्यावर, आयस हंडा घेऊन चढाने येताना दिसली. तो आमच्या घरी ठेवायचा त्या दिवसाचा हंडा होता. मी धावत गेले. ती म्हणाली, “कुणी म्हणायला नको, आजारी म्हणून हिनं हातच लावला नाय.” मी हंडा तिच्याकडून घ्यायला हवा होता. मी बाजूला झाले, तिला शिडीपर्यंत जाऊ दिलं, आणि परत येऊन आमच्या नावापुढे पाचवी रेघ मारली. सगळ्या पानात पाच एकाच घराला आहेत. बाकी वीस घरांना चार-चार. त्या संध्याकाळी आमच्या घरी पाणी नव्हतं, तरी माझ्या डोक्यात ती पाचवी रेघच होती.

साहेब सोमवारी जीपने आले. चांगला माणूस वाटला. म्हणजे ओरडणारा नव्हता. ओट्यापाशी सारवलं होतं, हळदीकुंकू होतं, नारळ होता. मगनभाईने मला पुढे केलं, मी पेल्यात नळाचं पाणी धरून साहेबांना दिलं. नळाला पाणी आलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपणच भरलेल्या पाण्याला टाळ्या! पण खरं सांगते, पितळी नळातून धार पडताना बघितल्यावर आम्हाला ते पाणी आपलं वाटलंच नाही. क्षणभर ते खरोखर कुठूनतरी आलेलं वाटलं.

साहेबांबरोबरच्या माणसाने फोटो काढायला सुरुवात केली. तिन्ही नळ सोडले. दोघी बायका हंडे घेऊन पुढे झाल्या, कारण आमचा हिशेब साधा होता, की पाहणी झाली की ते पाणी नळाखालून घरोघर परत जाणार. मगनभाईने त्यांना हाताने मागे सारलं. “भांडा नको फोटोत, बेन. पाणी जोरात वाहताना दिसायला पाहिजे.” साहेब लाहनूबाबांशी बोलत होते, पावसाचं, भाताचं. चहा आला. बोलणं चालू राहिलं. तीन नळ चालू राहिले. पाणी ओट्यावरून खाली आलं, मातीत शिरलं, सारवण उखडून उताराला लागलं. एकवीस घरांच्या बायका उभ्या राहून बघत होत्या. प्रत्येकीला त्या पाण्याची वाट पायाने माहीत होती. एकीनेही नळ बंद केला नाही. पाहुण्यासमोर पाण्याला हात आखडायचा नसतो.

तेवढ्यात गर्दीतून शेळ्या आल्या. सहा. मागे जानीकाकी, हातात काठी. तिने शेळ्या थेट ओट्यापाशी आणल्या आणि म्हणाली, “पिऊन घ्या गं. बायांनी डोक्यावरनं आणलंय तुमच्यासाठी.” लाहनूबाबा घाबरले. मगनभाई जोरात हसला आणि म्हणाला, “मजाक करते म्हातारी.” साहेबही हसले. फोटोवाल्याने तोही फोटो काढला.

मग कागद निघाला. साहेबांनी विचारलं, लाभ मिळालेल्या घरांची नावं आहेत का? मगनभाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे यादी होती. रेघा गाळून, नुसती नावं, मी ती तिथेच ओट्याच्या कडेवर बसून सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. एकवीस नावं. प्रत्येकापुढे अंगठा. तोवर नळाची धार बारीक झाली होती. जीप वळली तेव्हा मधल्या नळातून दोन-तीन थेंब पडत होते, आणि नारळ मगनभाई घेऊन गेला.

तो पुन्हा आला नाही. पहिल्या पावसात टेंभुर्णीजवळची माती वाहून गेली आणि पाइपाचं तोंड उघडं पडलं, गोणपाटाच्या बोळ्यासकट. पोरं त्यात दगड टाकून आवाज ऐकायची. आयस त्या रविवारपासून अंथरुणावर होती. उठली ती पावसाळा सरत आल्यावर, आणि तेव्हाही तिला सरळ चालता येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात डवरासुद्धा हात राखून देऊ लागला, तेव्हा आजूबाजूच्या पाड्यांवर टँकर सुरू झाले. आमच्याकडे नाही. लाहनूबाबा मला बरोबर घेऊन कचेरीत गेले, अर्ज माझ्याच हातचा होता. तिथल्या माणसाने नाव ऐकून फाइल काढली. “तुमच्याकडे नळयोजना पूर्ण आहे. टँकर कसा देणार?” लाहनूबाबा म्हणाले, “नळ हाय, पाणी नाय.” त्याने फाइल आमच्याकडे फिरवली. फोटोत तीन नळांची धार होती, बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि पुढे वेणी घातलेली एक मुलगी साहेबांना पेला देत होती. “ही तूच ना?” त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने पुढचा फोटो उलटला. “आणि हे बघा. तुमच्याकडे शेळ्यांनासुद्धा पुरतंय की.” शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. फोटोंच्या मागे माझ्या सुवाच्य अक्षरातली यादी टाचली होती. लाहनूबाबा वाचायला शिकलेले नव्हते, पण त्यांनी आपला अंगठा ओळखला. परतीच्या वाटेवर ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते, आणि मला वाटतं त्यांना माझी दया येत होती.

पण मी त्या अर्जाच्या वेळी सुट्टीत घरी आले होते. म्हणजे मी रानशेतला गेले होते. ते कसं, ते सांगायचं राहिलं.

तपासणीनंतरच्या जूनमध्ये रानशेतची शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. पाऊस लागला होता, तरी पाणी ओहोळावरून डोक्यावर चढवावंच लागायचं. नळ नव्हता, आयस आडवी होती, माझी जागा जाणार होती, आणि मी सकाळी हंडा घ्यायला उठले. मागचं दार उघडलं तर बाहेर दोन हंडे भरून ठेवलेले. मला वाटलं कुणी चुकून ठेवले. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशीही. आमच्या घरी पाहुणा कुणी आलेला नव्हता. हंडे कुणाचे ते मला कळलं, कारण एकाच्या गळ्याला शेळीची दोरी बांधलेली होती, धरायला सोपं जावं म्हणून. आयस भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, “आत घे. आणि संध्याकाळी उपडे ठेवून ये. काही बोलू नको तिच्याशी.” मी हंडे आत घेतल्यावर म्हणाली, “गुरुजींना सांग, उद्या रानशेतला जाते म्हणून.”

मी पाच वर्षं त्या शाळेत होते. पाचही वर्षं आमच्या मागच्या दाराशी रोज दोन हंडे येत राहिले. मी सुट्टीत घरी आले की ते थांबायचे, मी गेले की पुन्हा सुरू व्हायचे. वाटेत भेटली की जानीकाकी म्हणायची, “आली का यादीवाली? किती शेळ्या माझ्या, मोज बघू,” आणि पुढे निघायची. रीत मोडायची नाही म्हणून मीही बोलले नाही. निदान मी तसं समजत होते. खरं म्हणजे, मला तिच्याशी बोलायला तोंड नव्हतं.

गेल्या वर्षी पाड्यात नवी योजना झाली. आता प्रत्येक ओट्यासमोर एक नळ आहे, निळ्या रंगाच्या पाइपावर. मी गेले तेव्हा बघून आले. एकाला कोंबड्याचा पाय बांधला होता, एकावर लंगोट वाळत होते. पाणी नळाला येतं का, विचारलं, तर एक सून म्हणाली, “तपासणीला आलं होतं, ताई.” मी पुढे विचारलं नाही. डवरा अजून आहे. करवंटीच्या जागी प्लास्टिकचा मग आला आहे, त्याचा आवाज वर ऐकू येत नाही एवढाच फरक.

जानीकाकीला शेवटची भेटले ते या निळ्या नळांच्या कितीतरी आधी. तेव्हा शेळ्या विकून झाल्या होत्या आणि तिचे गुडघे ओट्याच्या पायरीवरूनही उतरू देत नव्हते. मी डहाणूहून चिकू नेले होते. ती एकेक हातात घेऊन दाबून बघत होती. मी त्या दिवशी रीत मोडली. म्हटलं, “काकी, मी तुझ्या नावावर रेघ मारली होती.”

“पट्टी लावून,” ती म्हणाली. “बरं केलंस. नायतर मी पण लाभार्थी झाले असते.”

मी हंड्यांचं बोलायला तोंड उघडलं. तिने एक पिकलेला चिकू माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “खा. आणि मोजू नको.”

ती गेली त्याला आता बरेच उन्हाळे झाले. वही माझ्याजवळ आहे. त्या पानावर एकवीस नावांपुढे उभ्या रेघा आहेत; एकूण पंच्याऐंशी, मी खाली बेरीज करून चौकट केली आहे. बाविसाव्या नावावर पट्टीने मारलेली आडवी रेघ आहे आणि पुढे कोरी जागा. रोज दोन हंडे, पाच वर्षं, सुट्ट्या वजा. गुणाकार सोपा आहे, कोठीघरात असे मी दिवसाला दहा करत होते. हा एक मी केलेला नाही.